तेरा राज्यांची मंजुरी वर्गात कशी शिकवावी

कोल्हापूरच्या पोरांना सभा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. दूध संस्था, साखर कारखाना, पतसंस्था, कुठं ना कुठं घरातलं कुणीतरी सभासद असतंच. वार्षिक सभेत एका बाजूनं ‘मंजूर, मंजूर’ आणि दुसऱ्या बाजूनं ‘नामंजूर’ हा गलका त्यांच्या कानावरून गेलेला असतो. अमेरिकेच्या संविधानाचा पाठ मी तिथूनच सुरू करते. ‘त्या गलक्यात मंजूर म्हणणारे नेमके किती होते?’ कुणालाच सांगता येत नाही. अमेरिकेतल्या तेव्हाच्या तेरा राज्यांनी मात्र संविधान मंजूर करताना मतं मोजली, आणि ते आकडे आपल्या हातात आहेत. म्हणून तारखा पाठ करून घेऊ नका, आकडे वाचायला लावा.

कार्डशीटचे तेरा तुकडे करा. प्रत्येकावर राज्य, तारीख आणि बाजूची-विरोधी मतं. फळ्यावर आधी एकच आकडा मोठा लिहा : ९. फिलाडेल्फियात १७ सप्टेंबर १७८७ला ३९ जणांनी मसुद्यावर सह्या केल्या, आणि त्याच्या सातव्या कलमात लिहिलं होतं की नऊ राज्यांच्या परिषदांनी होकार दिला की पुरे. त्याआधी या राज्यांना एकत्र बांधणाऱ्या जुन्या करारात बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती लागायची, आणि ऱ्होड आयलंडनं तर फिलाडेल्फियाला प्रतिनिधीसुद्धा पाठवला नव्हता. एकट्यानं सगळ्यांना अडवू नये म्हणून हा नऊचा आकडा. होकार विधिमंडळांनी द्यायचा नव्हता, त्यासाठी खास निवडलेल्या परिषदा होत्या. इथं मुलं हमखास गोंधळतात, तेव्हा दोनदा सांगा.

पहिली कार्डं भराभर लावा. डेलावेअर, ७ डिसेंबर, ३०-०. न्यू जर्सी आणि जॉर्जियाही एकमतानं. पेनसिल्व्हेनियापाशी मात्र जरा थांबा. परिषद बोलावायचा ठराव होऊ नये म्हणून विरोधी आमदार सभागृहातच येईनात. कोरमला दोघं कमी पडत होते. जमावानं दोघांना मुक्कामाच्या जागेवरून ओढत आणून बसवलं आणि कोरम भरला. कोरम हा शब्द मुलांना घरूनच ठाऊक असतो, वर्ग एकदम जागा होतो.

खरा वेळ द्यायचा तो मॅसॅच्युसेट्सला. १८७ विरुद्ध १६८. मुलांना गणित घाला : किती जण फिरले असते तर ठराव पडला असता? दहा. १७७ विरुद्ध १७८. मग विचारा, ही दहा माणसं ठरावाच्या बाजूनं कशानं राहिली? परिषदेचे अध्यक्ष जॉन हॅनकॉक यांनी मार्ग काढला : आधी मंजुरी द्या, सोबत दुरुस्त्यांची शिफारस जोडा. पुढच्या बऱ्याच राज्यांनी हीच वाट धरली, आणि १७९१ साली नागरिकांच्या हक्कांच्या दहा दुरुस्त्या संविधानात आल्या. विरोध करणारे हरले, तरी त्यांचं म्हणणं कागदावर उतरलं. मला या पाठात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. घाई करून ते गमावू नका.

न्यू हॅम्पशायरचं नववं कार्ड, २१ जून १७८८, लागलं की वर्ग टाळ्या वाजवतो. वाजवू द्या, मग नकाशा दाखवा : व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्क अजून बाहेर. ती आली ८९-७९ आणि ३०-२७ अशी. न्यूयॉर्कचं गणित मुलं स्वतःच करतात : दोघं फिरले असते तर संपलं होतं. ऱ्होड आयलंड अगदी शेवटी, २९ मे १७९०, ३४-३२. तोवर वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होऊन वर्ष उलटलं होतं.

मग प्रश्न येतोच : ‘बाई, आपल्या कोल्हापूरनं असं मत दिलं होतं?’ स्पष्ट सांगा, नाही. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ला मुंबई प्रांतात विलीन झालं, आणि २६ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेनंच संविधान स्वीकारलं. प्रांतांच्या मंजुरीची अट नव्हती. पण कलम ३६८ प्रमाणे काही दुरुस्त्यांना निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचा होकार लागतो. २०१६ सालच्या जीएसटीच्या दुरुस्तीला तो लागला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला घरातलं दुकानाचं एक पक्कं बिल आणायला सांगा, आणि त्यातल्या सीजीएसटी (केंद्राचा कर) आणि एसजीएसटी (राज्याचा कर) या दोन ओळींखाली पेन्सिलीनं रेघ मारायला लावा.