सावळ्या चेहऱ्यावरची राखाडी झाक कशी गेली

गोष्टीतल्या सावळ्या आजीचा चेहरा क्रिटा या चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगवत होते. सावलीसाठी करड्या रंगाचा अर्धपारदर्शक थर दिला आणि आजी आजारी दिसायला लागली. करडा मिसळला की त्वचेचा मूळ रंगच विझतो. गोऱ्या चेहऱ्यावर ते एकवेळ खपून जातं, सावळ्यावर लगेच डोळ्यात भरतं.

तो थर काढून टाकला. मूळ रंग ह्यू (रंगछटा) २५, सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा नव्हे, तजेला) ५५, व्हॅल्यू (उजळपणा) ६५ असा होता. सावलीसाठी ह्यू लालाकडे सरकवून १२ केला, सॅच्युरेशन ६५वर नेलं, व्हॅल्यू ४२वर आणली. चेहऱ्यात जीव आला!

खरी गंमत उजेड आणि सावली भेटतात त्या कडेवर आहे. उजेड त्वचेत शिरतो, आत विखुरतो आणि बाहेर येताना त्यातला तांबडा भाग सर्वांत लांबवर पसरलेला असतो. म्हणून त्या कडेवर गडद तांबूस रंगाची अरुंद पट्टी मऊ ब्रशने फिरवली. गाल, नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या इथेही तीच ऊब थोडी दिली; कपाळ जरा पिवळसर ठेवलं.

उजेड वरून असल्यामुळे भुवयांखाली, नाकाखाली, खालच्या ओठाखाली सावली. वरचा ओठ खाली झुकलेला असतो, तो खालच्यापेक्षा गडदच हवा.

शेवटी सगळ्यांत वर काळ्या रंगाचा लेयर ठेवून त्याचा ब्लेंडिंग मोड, म्हणजे खालच्या रंगांत मिसळायची पद्धत, ‘कलर’ केला. चित्र कृष्णधवल दिसतं, उजेड कुठे कमी पडलाय ते कळतं. आजीच्या गालाचं हाड तिथेच सापडलं.