‘मला जमेल’ मोजायला शाळेत जाण्याआधी

पुण्यातल्या शाळांत मुली आणि मुलगे यांच्या स्व-कार्यक्षमतेची तुलना करायला निघाला असाल, तर प्रश्नावलीच्या झेरॉक्स काढण्याआधी नक्की काय मोजायचंय ते ठरवा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्व-कार्यक्षमता म्हणजे हुशारी नव्हे आणि एकूण आत्मविश्वासही नव्हे. समोरचं विशिष्ट काम आपल्याला जमेल की नाही, याचा तो विद्यार्थ्याचा स्वतःचा अंदाज असतो. तेव्हा ‘माझा अभ्यास चांगला आहे’ हे विधान काढा आणि ‘शाब्दिक उदाहरण वाचून समीकरण मांडता येतं’ हे ठेवा. बँडुरांनी २००६ च्या मार्गदर्शिकेत ० ते १०० अशी दहा-दहाच्या टप्प्यांची श्रेणी सुचवली आहे. आपल्या मुलांना मात्र ते परीक्षेचे टक्के वाटू शकतात. म्हणून आधी बँडुरांसारखाच वजन उचलण्याचा सरावप्रश्न घ्या: पाच किलो उचलता येईल याची किती खात्री, वीस किलोची किती, पन्नासची किती?

सगळ्यात जास्त वेळ मराठी विधानांना द्या. ‘मी सोडवू शकतो/शकते’ असं छापलंत, तर प्रत्येक ओळीत तुम्ही उत्तर देणारीला ती मुलगी असल्याची आठवण करून देता. नुसतं ‘शकतो’ छापणं त्याहून वाईट. ‘मला सोडवता येतं’ लिहिलं की प्रश्नच मिटतो, आणि सगळी प्रश्नावली अशी लिहिता येते. पुण्यात सेमी इंग्रजीचे वर्ग भरपूर आहेत. तिथे ‘समीकरण’ शेजारी ‘इक्वेशन’ही लिहा, नाहीतर गणिताऐवजी शब्दाची ओळख मोजली जाईल. मग चार-पाच मुली आणि तितकेच मुलगे एकेकटे समोर बसवा, विधान मोठ्याने वाचून मनात काय आलं ते बोलायला सांगा. ‘वर्गात शंका विचारता येते’ हे विधान इथे हमखास तपासा. एखादी मुलगी शंका नेमकी मांडू शकत असेल, पण सगळ्यांसमोर बोललेलं चालत नाही म्हणून कमी आकडा लिहील. तो आकडा तिच्या क्षमतेबद्दलच्या विश्वासाचा नाही.

शाळा निवडताना हुजूरपागेसारख्या फक्त मुलींच्या शाळेतून सगळ्या मुली आणि दुसरीकडून सगळे मुलगे घेऊ नका. दिसलेला फरक शाळेचा की लिंगाचा, हे मग कोणालाच सांगता येणार नाही. मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची संमती आणि मुलांचा स्वतःचा होकार, तिन्ही हवेत. लिंगाचा प्रश्न शेवटच्या पानावर टाका. त्यात ‘अन्य’ आणि ‘सांगायचं नाही’ असू द्या. ते पर्याय निवडणारे थोडेच असतील, तरी त्यांना कुठल्यातरी गटात कोंबू नका. प्रश्नावली भरताना विषयशिक्षक वर्गाबाहेर थांबतील, हे आधीच बोलून ठेवा.

विश्लेषणाचा आराखडाही जाण्याआधीच लिहा. क्रॉनबाख अल्फा (विधानं एकमेकांशी किती सुसंगत आहेत याचा आकडा) ०.९ आला म्हणजे मुली-मुलग्यांची तुलना रास्त झाली असं नाही, आणि गाइड हा प्रश्न विचारोत न विचारोत, तुम्ही विचारा. दोन्ही गटांत घटकरचना (कोणती विधानं एकत्र जातात) तीच आहे का, मग लोडिंग (प्रत्येक विधान त्या घटकाशी किती घट्ट जोडलंय) सारखी आहेत का, मग इंटरसेप्ट (स्व-कार्यक्षमता सारखीच असताना विधानाला मिळणारा आकडा) सारखे आहेत का, या क्रमाने बघा. पायरीगणिक सीएफआय (मॉडेल विदेला किती जुळतं याचा निर्देशांक) ०.०१ पेक्षा जास्त घसरू नये, हा चेउंग आणि रेन्सवोल्ड यांचा २००२ चा निकष प्रचलित आहे. श्रेणी पाचच पर्यायांची असेल तर क्रमवाचक विदेसाठीची (जिथे पर्यायांना क्रम असतो, पण त्यांतली अंतरं सारखी धरता येत नाहीत) पद्धत वापरा. आर (R) या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधलं लावान (lavaan) हे पॅकेज फुकट आहे. इंटरसेप्ट जुळले नाहीत तर कोणतं विधान अडतंय ते शोधा. त्या विधानाचा इंटरसेप्ट दोन्ही गटांत समान असल्याचं गृहीत न धरता निकाल काढा, आणि धरून काढलेला निकालही शेजारी द्या. गटांच्या सरासरीची तुलना त्यानंतरच.

विषयांची बेरीज टाळा. हुआंग यांच्या २०१३ च्या मेटा-विश्लेषणात (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करणाऱ्या अभ्यासात) एकूण फरक जेमतेम ०.०८ प्रमाण विचलन होता, मुलांच्या बाजूने. पण भाषेत मुली पुढे होत्या आणि गणितात मुलगे.

शाळा निकाल मागेल, आणि तो द्यायलाच हवा. विषयवार द्या, नावांशिवाय द्या आणि अडलेली विधानं मुख्याध्यापकांसमोर बसून एकेक वाचा.