नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायचे तर

नाशिक जिल्ह्यातल्या या पाणथळीवर डिसेंबर-जानेवारीत या आणि उजाडताच चापडगावच्या मनोऱ्यावर चढा. ऊन वर आलं की पाणी चमकतं, रंग कळत नाहीत. कपडे मातकट हवेत.

हे पाणी माणसानं अडवलेलं. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ बंधारा झाला, गाळ साचला, उथळ पाण्यात पाणवनस्पती माजली, पक्षी आले. २०२० मध्ये हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं.

सुरुवात वारकरी या पाणपक्ष्यापासून करा: काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. मग नारिंगी चक्रवाक, बहुधा जोडीनं. गावातला गाईड घ्याच. पहिल्या खेपेला मी एकटीच गेले, तर गवतातली जांभळी पाणकोंबडी मला दिसलीच नाही. शिवाय ते पैसे गावातच राहतात. थवा उडेल इतकं जवळ मात्र कधीच जाऊ नका.