आई-बाबांना फुलं देताय? या चुका टाळा

आई-बाबांना दिलेल्या बुकेने दुसऱ्याच दिवशी मान टाकली, की ते बहुतेक वेळा स्वतःलाच दोष देतात: पाणी बदलायचं राहिलं, उन्हात ठेवला गेला. खरं तर बिघाड फुलं त्यांच्या हातात पडण्याआधीच झालेला असतो. कधी खरेदीत, कधी गाडीत, आणि सगळ्यात जास्त वेळा देठात. त्यामुळे एकच गोष्ट ठरवून टाका. फुलं द्यायची ती आणल्या आणल्या टेबलावर ठेवता येतील अशी तयार करूनच. कात्री शोधा, फुलदाणी काढा, काटे सोला, हा उद्योग त्यांच्या मागे लावायचा नाही.

खरेदीतच फसगत

पूर्ण उमललेली फुलं दुकानात सगळ्यात देखणी दिसतात आणि घरी सगळ्यात आधी गळतात. गुलाब घेताना कळीचा खालचा भाग, हिरव्या पाकळ्यांच्या जरा वर, दोन बोटांनी हलकेच दाबा. टणक लागला तर ताजा, पोचट लागला तर शिळा. पण अगदी घट्ट, हिरवट कळीही नको, ती न उमलताच सुकते. बाहेरची एखाद-दुसरी पाकळी सुटायला लागलेली असावी. सगळ्यात बाहेरच्या पाकळीवर हिरवट किंवा तपकिरी रेघ दिसली तर घाबरू नका. ती आतल्या पाकळ्यांचं संरक्षण करणारी पाकळी असते, देताना अलगद काढून टाकायची.

जरबेरात मधली चकती बघा. तिच्या बाहेरच्या एक-दोन ओळी उमलून पराग दिसत असतील तर फूल योग्य वेळी काढलेलं आहे. चकती पूर्ण मिटलेली असेल तर देठ कोवळा असतो आणि घरी वाकतो. शेवंतीचं वय फुलावर नाही, पानांवर कळतं: पानं पिवळी, तर माल जुना. निशिगंध आणि ग्लॅडिओलस खालून वर उमलतात, म्हणून खालची दोन-तीन फुलं उघडलेली आणि वरच्या कळ्या भरलेल्या अशी काडी निवडा.

फुलं आदल्या संध्याकाळी आणा. ऐन दिवशी धावतपळत आणलेल्या फुलांना पाणी प्यायला वेळच मिळत नाही.

देठ: बहुतेक बिघाडांचं मूळ

देठ कापल्यावर पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्यांत हवा शिरते. शिवाय पाण्यातले जंतू नळ्यांच्या तोंडाशी चिकट थर धरतात. म्हणजे फुलदाणी काठोकाठ भरलेली असूनही फूल तहानलेलंच राहतं. पुढचा सगळा खटाटोप या दोन कारणांसाठी.

आधी बादली साबणाने घासून धुवा. मागच्या फुलांचा बुळबुळीतपणा राहिला असेल तर नवीन फुलंही त्याच वाटेने जातात. पाण्यात बुडणारी सगळी पानं काढा, कारण ती कुजून पाणी नासवतात. मग धारदार सुरीने खालचा २-३ सेंटीमीटर देठ तिरका कापा आणि लगेच पाण्यात सोडा. तिरका अशासाठी, की कापलेलं तोंड तळाला सपाट चिकटून बंद होऊ नये. बोथट कात्रीने देठ चेंगरतो. हातोडीने ठेचण्याची जुनी पद्धत तर सोडूनच द्या. ठेचलेल्या देठात पाणी जास्त चढत नाही, जंतूंना मात्र खाद्य मिळतं. गुलाबाचे काटे हाताला लागतील तेवढेच काढा. साल खरवडली तर जखमेतून पाणी नासायला सुरुवात होते.

अशी तयार केलेली फुलं निदान ६ तास, शक्यतो रात्रभर, थंड आणि अंधाऱ्या जागी खोल पाण्यात ठेवा. मगच गुच्छ बांधा.

फुलांसोबत मिळणारी पावडर पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात घाला. अर्धं पाकीट टाकून वाचवायला गेलात तर जंतुनाशक अपुरं पडतं आणि त्यातली साखर जंतूंच्याच कामी येते. नुसती साखर टाकण्याचा घरगुती उपायही म्हणूनच अंगाशी येतो. पावडर नसेल तर १ लिटर पाण्यात १ चहाचा चमचा साखर आणि २ चमचे लिंबाचा रस नीट ढवळा, आणि शेवटी सुगंध नसलेलं साधं ब्लीच पाव चमचा घाला. क्रम महत्त्वाचा आहे. लिंबाचा रस आणि ब्लीच थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. हे पाणी आंबट असल्याने धातूच्या फुलदाणीत नको, काचेची किंवा चिनी मातीची घ्या.

जरबेरा मात्र वेगळा. त्याचा देठ मऊ आणि लवदार असतो, खोल पाण्यात कुजतो. त्याला ५-७ सेंटीमीटर पाणी पुरे, पण ते रोज बघायचं.

गाडीत आणि घरात

बंद गाडीत अर्धा तास उन्हात राहिलेला बुके नंतर कितीही लाड केले तरी पूर्ण सावरत नाही. डिकीत ठेवू नका, एसीच्या झोतासमोरही नको. देठांना ओला कागद गुंडाळून वरून प्लास्टिकची पिशवी बांधा. पाकळ्यांवर पाणी शिंपडायचा मोहही आवरा, ओल धरली की करडी बुरशी येते.

घरात फुलदाणी फळांच्या परडीशेजारी ठेवू नये. पिकत्या केळी-सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो. त्याने कार्नेशनच्या पाकळ्या आत मिटतात आणि ऑर्किड वेळेआधी कोमेजतं. फळं असलेला फ्रीजही याच कारणाने वर्ज्य. ऑर्किड आणि अँथुरियम तर कुठल्याच फ्रीजमध्ये नकोत, फार गारठ्याने ती काळी पडतात.

घरात मांजर असेल तर लिली अजिबात देऊ नका. पाकळी, पान, पराग, इतकंच काय फुलदाणीतलं पाणीही मांजराच्या मूत्रपिंडाला घातक ठरतं. मांजर नसलं तरी उमललेल्या लिलीचे परागकोश फुटण्याआधी चिमटीने काढून टाका. पराग कपड्यावर पडलाच तर पाण्याने चोळू नका, डाग पक्का बसतो. चिकटपट्टीने उचलून घ्या.

डॅफोडिलच्या देठातून निघणारा चीक बाकीच्या फुलांना मारक असतो. त्याला आधी स्वतंत्र पाण्यात रात्रभर ठेवा आणि नंतर पुन्हा देठ न कापता गुच्छात घ्या.

हिरव्या स्पंजमध्ये फुलं खोचून रचना करत असाल तर स्पंज पाण्यावर नुसता सोडा, तो आपोआप भिजून बुडतो. हाताने दाबलात तर बाहेरून ओला आणि आतून कोरडा राहतो. एकदा पूर्ण वाळला की पुन्हा नीट भिजत नाही, म्हणून देताना सांगा: रोज वरून थोडं पाणी घाला. एरवी फुलदाणीतलं पाणी दर दोन दिवसांनी बदलायचं आणि त्याच वेळी देठ एक सेंटीमीटर छाटायचा.

गुलाबाने मान टाकलीच तर

फूल ताजं आहे पण मान लुळी पडली, म्हणजे नळीत हवा अडकली आहे. फेकू नका. देठ पाण्याखाली धरून ३ सेंटीमीटर कापा. फूल आणि देठ मिळून कागदात सरळ घट्ट गुंडाळा, मान वर राहिली पाहिजे. मग साधारण ४० अंशांच्या कोमट पाण्यात गळ्यापर्यंत तास-दोन तास उभा ठेवा. बहुतेक वेळा गुलाब ताठ होतो. पाकळ्याच मऊ पडल्या असतील तर मात्र हा उपाय चालत नाही.

फुलं त्यांच्या सोयीची हवीत

१ लिटर पाणी म्हणजे १ किलो वजन, त्यात काचेची जड फुलदाणी. संधिवात असलेल्या हातांनी ती दर दोन दिवसांनी बेसिनपर्यंत न्यायची? अर्धा लिटर मावेल अशी, रुंद बुडाची, हात आत जाईल एवढ्या तोंडाची फुलदाणी घ्या. फुलांची उंची तिच्या साधारण दीडपट असली की ती कलंडत नाही. दमा किंवा ॲलर्जी असेल तर निशिगंध, लिली अशी उग्र वासाची फुलं टाळा.

रंगाचाही विचार करा. अमेरिकेत मातृदिन सुरू करणाऱ्या अ‍ॅना जार्विस यांनी १९०८ मध्ये तिथल्या ग्राफ्टन गावच्या चर्चला आपल्या दिवंगत आईच्या आवडीची ५०० पांढरी कार्नेशन पाठवली, आणि पुढे पांढरं कार्नेशन हयात नसलेल्या आईसाठी, रंगीत हयात आईसाठी असा संकेत रूढ झाला. हा संकेत माहीत असलेल्या घरी गुलाबी किंवा लाल कार्नेशनच द्या.

आणि ‘बाबांना कशाला फुलं’ हे मनातून काढा. दोघांना मिळून एक बुके दिला की तो आपसूक आईचा होतो. बाबांसाठी वेगळ्या चार-पाच उंच काड्या, झालं तर त्यांच्या टेबलावर टिकेल असं कुंडीतलं रोप. कुंडीला चकचकीत कागद असेल तर तो आधी काढा, त्यात पाणी साचून मुळं कुजतात.

चिठ्ठीवर ‘सगळ्यासाठी आभार’ लिहिलं की वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. एखादीच गोष्ट नेमकी लिहा: ‘बाबा, दहावीच्या वर्षी रोज पहाटे तुम्ही माझ्यासोबत उठून बसायचात.’ अक्षर मोठं, पेन गडद, आणि खाली स्वतःचं नाव. दोन-तीन भावंडं असतील तर नाव नसलेल्या बुकेचा धनी शोधायला त्यांना फोन फिरवावे लागतात. घरपोच पाठवत असाल तर ती दोघं नक्की घरी असतील अशी सकाळची वेळ घ्या, शेजाऱ्यांचा नंबर पर्याय म्हणून द्या, आणि दुकानदाराला विचारून घ्या की फुलं फुलदाणीसकट येणार की नुसती खोक्यात. खोक्यात येणार असतील तर दुसरं दुकान बघा.