झड लागलीये, आधी पाण्याच्या भांड्याखालची गादी बघा

इंदुरात घरामागे, गच्चीवर, वाड्याच्या चौकात ज्यांनी आठ-दहा-पंधरा कोंबड्या पाळल्यात त्यांच्यासाठी लिहितोय आणि घाईत लिहितोय, कारण तीन दिवस झाले झड उघडायला तयार नाही आणि कालपासून चार घरांतून एकच विचारणा आलीये, पिल्लं फुगून बसलीत, पंख पाडलेत, काय द्यायचं? काय द्यायचं ते खाली सांगतो. त्याआधी एवढं करा. खुराड्यात जा, पाण्याचं भांडं उचला, त्याच्या खालचा भुसा, म्हणजेच गादी, मुठीत घ्या आणि घट्ट दाबा.

मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे, आजच काढायची. गोळा झाला आणि लगेच फुटला तर ठीक. अजिबात धरला नाही, नुसती धूळ उडाली, तर जास्तच कोरडी आहे, पण या दिवसात तसं कुणाकडे सापडत नाही.

मी बरीच वर्षं शहरातल्या घरोघरच्या कोंबड्या बघत फिरतोय. मांजर नेतं, मुंगूस नेतं, मानमोडीने (राणीखेत रोगाने) जातात, सगळं पाहिलंय, पण जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त पिल्लं गेली ती त्या भांड्याखालच्या ताटाएवढ्या ओल्या जागेने. लोक वरचं वर झाडतात. भांडं कुणी उचलत नाही.

हिशोब साधा आहे. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते आणि शंभर-सव्वाशे ग्रॅम विष्ठा टाकते, तिच्यात पाऊण हिस्सा पाणीच. म्हणजे दहा कोंबड्या रोज पाऊण लिटरच्या वर पाणी गादीत टाकतात, पत्रा गळो न गळो. मे महिन्यात ते उडून जातं. झडीत हवाच ओली, ते जाणार कुठे? त्यात भांड्यातून सांडलेलं वेगळं.

आणि त्या ओलीत रक्ती हगवण तयार होते, डॉक्टर ज्याला कॉक्सिडिओसिस म्हणतात. त्या जंतूची अंडी विष्ठेतून पडतात तेव्हा लगेच रोग करत नाहीत, त्यांना ऊब, ओल आणि हवा लागते, आणि या तिन्ही गोष्टी मिळाल्या की एक-दोन दिवसात ती तयार होतात. मग पिल्लू भुसा उकरतं, दाण्याबरोबर ती पोटात जातात आणि पाच-सात दिवसांनी रक्त दिसतं. म्हणजे आज जे दिसतंय ते मागच्या आठवड्याच्या ओलीचं. तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना सगळ्यात जास्त धोका.

गेल्या पावसाळ्यात एका काकूंकडे कडकनाथची चौदा पिल्लं होती, पाच आठवड्यांची, झाबुआकडून आणलेली. खुराडं पक्कं, खाली सिमेंट, वर नवा पत्रा, काकू रोज सकाळी झाडायच्या. विष्ठेत रक्त दिसलं तेव्हा त्या दुकानात गेल्या, दुकानदाराने लिव्हर टॉनिक, बी-कॉम्प्लेक्स आणि रक्ती हगवणीची पुडी असं तिन्ही दिलं आणि एकाच पाण्यात घालायला सांगितलं. नऊ पिल्लं गेली. मी पोचलो आणि भांडं उचललं तर खालची काळी चकती भाकरीसारखी अख्खी वर आली, आणि वास असा की डोळ्यात पाणी आलं. कडकनाथचा तुरा मुळात काळा, त्यामुळे तो पांढरा पडलेला लवकर कळत नाही, हेही त्यांना नडलं. कडकनाथ असेल तर तुऱ्यावर भरवसा ठेवू नका, रोज सकाळी विष्ठा बघा आणि एखादं पिल्लू हातात घेऊन छातीचं हाड चाचपा.

आता काय करायचं.

भांडं गादीवर ठेवूच नका. एका पसरट परातीत वाळू घाला, वर विटा, विटांवर भांडं, उंची कोंबडीच्या पाठीइतकी. परातीवर लोखंडी जाळी टाकली तर आणखी चांगलं, सांडलेलं वाळूत जातं आणि कोंबड्या तिथे उकरत नाहीत. भांडं काठोकाठ भरू नका. नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं म्हणून लोक मोठी बादलीच आत ठेवून देतात, ती पहिली बाहेर काढा, पाणी घरात साठवा आणि खुराड्यात दिवसातून दोनदा थोडं थोडं द्या.

ओला भाग रोज काढा, ओल जिथे संपते तिथून आणखी वीतभर. बाकीची गादी रोज दाताळ्याने खालवर करा, झड असेल तर दोनदा. याला दहा मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत, म्हणूनच दुकानात हे कुणी सांगत नाही.

भुसा म्हणून सुताराच्या रंध्यातून निघालेला जाडा कीस सगळ्यात बरा, आरा मशीनचं बारीक पीठ नको, ते लगेच चिकटतं आणि धुळीने पक्षी शिंकतात. गव्हाचा भुसा आपल्या माळव्यात स्वस्त मिळतो आणि चालतो, पण त्याचे गोळे होतात, जास्त लक्ष द्यावं लागतं. तीन-चार इंच जाडी ठेवा आणि एक-दोन पोती कोरडा माल घरात वेगळा ठेवा. आत्ता झडीत मिळत नसेल तर लाकडाची राख चाळून ओल्या जागी टाका, हे कुठल्या पत्रकात नाही, पण माझ्याकडे उपयोग झालाय.

चुना टाकायचा तर विझवलेला, कोरडी भुकटी, शंभर चौरस फुटाला एक किलो, म्हणजे चाळीस चौरस फुटांच्या खुराड्याला चारशे ग्रॅम, आणि गादीत नीट मिसळून. कळीचा चुना नको, पाय भाजतात. चुना टाकल्यावर थोडा वेळ अमोनियाचा वास वाढतो, तेव्हा कोंबड्या बाहेर काढा आणि हवा खेळू द्या.

आणि प्लास्टिक! पाऊस आला की लोक चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळतात, पक्ष्यांना थंडी वाजेल म्हणून. आतली ओल आतच कोंडते, अमोनिया वाढतो, डोळे सुजतात, मग सर्दी, मग घुरघुर. ज्या बाजूने झोत येतो, आपल्याकडे बहुतेक पश्चिमेची आणि नैऋत्येची, तिकडेच ताडपत्री लावा आणि वरची फूटभर जागा उघडी सोडा. पत्रा भिंतीच्या बाहेर अडीच-तीन फूट आला पाहिजे. वास उभं राहून घेऊ नका, उकिडवे बसा, नाक कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर न्या. तिथे तुमचे डोळे चुरचुरले तर त्यांचे रात्रभर चुरचुरतायत.

श्रावणाबद्दल एक सांगायचंय. आपल्या हिंदी शेजाऱ्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, म्हणजे महिना-दीड महिना गल्लीत अंड्यांना गिऱ्हाईक नाही आणि घरात कुणी खात नाही, मग खुराड्याकडे जाणंही कमी होतं, दाणा टाकला की झालं. नेमका तोच महिना सगळ्यात ओला. अंडी कुणी घेवो न घेवो, भांडं उचलायचंच.

आता औषध. विष्ठेत रक्त दिसलं, किंवा चॉकलेटी पातळ दिसलं आणि पिल्लं फुगून बसली, तर अँप्रोलियम (रक्ती हगवणीचं औषध) २० टक्के पावडर, पिण्याच्या पाण्यात लिटरला १.२ ग्रॅम, पाच दिवस, त्यानंतर लिटरला ०.३ ग्रॅम एक-दोन आठवडे. दुसरं पाणी ठेवायचं नाही, रोज ताजं करायचं. एवढं कमी वजन घरच्या काट्यावर नीट येत नाही, म्हणून १० लिटरला १२ ग्रॅम करा आणि संध्याकाळी उरलेलं फेकून द्या. पाकिटावर २० टक्केच लिहिलंय ना ते बघा, वेगळं असेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या.

आणि हे लक्षात ठेवा, अँप्रोलियम चालू असताना बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक द्यायचं नाही. ते औषध त्या जंतूला बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही, असंच ते काम करतं, आणि तुम्ही त्याच पाण्यात बी-१ ओतलं तर औषध पाण्यात गेलं. काकूंकडे हेच झालं. टॉनिक द्यायचंच असेल तर कोर्स संपल्यावर. लिव्हर टॉनिकची गरज मला तरी दहा कोंबड्यांच्या घरात कधी दिसली नाही. फिनाइल किंवा महागाचं जंतुनाशक शिंपडून या जंतूची अंडी मरत नाहीत, ती कोरडेपणाने आणि उन्हाने मरतात, म्हणून उघडीप मिळाली की गादी काढून फरशी तापू द्या. मी सोबत हळद-लसूण वाटून दाण्यात देतो, त्याने रक्त थांबतं असं म्हणणार नाही, पण मलूल पक्षी दाण्याला तोंड लावतो असं मला दिसलंय.

मेलेलं पिल्लू लगेच पुरून टाकू नका. पिशवीत घालून बर्फावर ठेवा आणि दवाखान्यात किंवा महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजात न्या, तिथे चिरून बघतात, आंधळ्या आतड्यात (एका टोकाला बंद असलेल्या आतड्यात) रक्ताची गुठळी निघाली की निदान पक्कं होतं, नाहीतर मानमोडीला रक्ती समजून बसाल.

बाकी नेहमीची कामं:

लसी: ५ ते ७ व्या दिवशी लासोटा (मानमोडीची लस), डोळ्यात किंवा नाकात थेंब. १४ व्या दिवशी गंबोरो रोगाची लस. २८ व्या दिवशी लासोटा पुन्हा. ६-७ आठवड्यांना कोंबड्यांच्या देवीची लस. ८ आठवड्यांना आर-टू-बी (हीही मानमोडीचीच लस), अर्धा मिली टोचून. आजारी पक्ष्याला लस नाही. कुपी फोडली की दोन तासात संपवा, म्हणून गल्लीतल्या तीन-चार घरांनी मिळून आणा, बर्फात.

दाणा: मोठ्या कोंबडीला ११०-१२० ग्रॅम. आठ-दहा दिवसांचाच आणा. पोतं पाटावर, भिंतीपासून लांब. बुरशीचा मका अजिबात नाही, धुऊन-वाळवूनसुद्धा नाही.

जागा: पक्ष्याला किमान दोन चौरस फूट, मी चार सांगतो.

अंड्यांसाठी: शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. खुडुक कोंबडी ओल्या कोपऱ्यातून उचलून कोरड्या डालग्यात.

बल्ब: वायर उंचावर, ओल्या पत्र्याला टेकलेली नको.

वरून जाळी टाका, कावळे आत येऊ देऊ नका. डिसेंबर २०२० मध्ये आपल्याच शहरात डेली कॉलेजच्या आवारात कावळे मेले आणि बर्ड फ्लू निघाला, ते विसरू नका. मेलेला कावळा दिसला तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

काढलेली ओली गादी खुराड्याच्या दाराशी ढीग करून ठेवू नका, पावसाने तेच पाणी परत आत येतं. झाकणाच्या ड्रममध्ये वाळलेला पाला मिसळून ठेवा, दोन-तीन महिन्यांनी झेंडूला आणि अळूला घाला.

आणि झड सुरू झाली तो वार कॅलेंडरवर लिहून ठेवा. रविवारी लागली असेल तर अंडी तयार व्हायचे एक-दोन दिवस आणि रक्त दिसायचे पाच-सात दिवस धरून पुढच्या शनिवारपासून मंगळवारपर्यंत रोज उजाडताच, झाडायच्या आधी, टॉर्च घेऊन विष्ठा बघायची.