पेडल स्टील गिटार उलटी ठेवून काम करायला घरच्या घरी स्टँड

पेडल स्टील म्हणजे टेबलासारखी पायांवर आडवी उभी राहणारी, बसून वाजवायची गिटार, जिच्या तारांचा सूर पायाच्या पेडलने आणि गुडघ्याच्या लिव्हरने बदलतो. तिचं खरं मशीन खाली, पोटाला असतं. वरून दिसतात त्या १० तारा, पिकअप आणि दोन टोकांचे चकाकणारे एंडप्लेट, पण पेडल दाबलं की तार नेमकी कितीने चढते हे ठरवणारे क्रॉस शाफ्ट (पेडलने फिरणारे आडवे दांडे), बेलक्रँक (त्यांवरचे भोकंवाले छोटे हात), पुल रॉड (तार ओढणाऱ्या सळ्या), स्टॉप स्क्रू (प्रवास थांबवणारे) सगळे खालच्या अंगाला, आणि ते बघायचे म्हणजे गिटार उलटी करायलाच लागते. मी इकडे टेनेसीत आल्यावर हे वाद्य शिकायला लागलो. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात जी हवाईयन गिटार ऐकली होती तिचंच हे पेडलवालं वंशज. पहिली दोन वर्षं मी ती गालिच्यावर पालथी घालून, मोबाईलचा टॉर्च दातात धरून काम करायचो, कंबर जायचीच पण एकदा रॉडची क्लिप उडून गालिच्यात गेली ती शेवटपर्यंत मिळाली नाही. मग हा स्टँड केला. लाकूडकामाचं फार काही येत नसेल तरी शनिवार-रविवारात होतो.

सुरुवात लाकडापासून करू नका, गिटारच्या हार्डकेसपासून करा. पेडल स्टील केसमध्ये उलटीच झोपते, बहुतेक जण पाय सुद्धा ती केसमध्ये उलटी असतानाच फिरवून बसवतात. म्हणजे बनवणाऱ्याने वजन कुठे पेलायचं हे आधीच ठरवून ठेवलंय. केस रिकामी करून आतल्या गाद्या बघा, डेकला (गिटारच्या वरच्या फळीला) कुठे टेकतात, तारा आणि कीहेडसाठी (तारांच्या खुंट्यांच्या डोक्यासाठी) खोलगट जागा कुठे सोडलीये, दोन गाद्यांमध्ये अंतर किती, हे सगळं टेपने मोजून कागदावर लिहा. स्टँड म्हणजे तीच केस, फक्त कमरेच्या उंचीवर आणि चारी बाजूंनी उघडी.

आता पुठ्ठा घ्या. गिटार तिच्या पायांवर सरळ उभी करा आणि डेकवर, एंडप्लेटच्या थोडं आतल्या बाजूला, पुठ्ठा आडवा उभा धरा, आणि जिथे नेक आणि तारा आडव्या येतात तिथे कापत कापत जा, असं की पुठ्ठ्याची दोन टोकं डेकच्या मोकळ्या जागेवर सपाट टेकतील आणि मधली खाच तारांपासून निदान अर्धा इंच लांब राहील. डबल नेक डी-१० (प्रत्येकी १० तारांचे दोन नेक असलेली) असेल तर दोन नेकच्या मधल्या दरीत सुद्धा टेकू देता येतो, आणि तो द्याच कारण तिथे पुढच्या कडेला टेकायला जागा फार कमी असते. डाव्या टोकाचा साचा वेगळा, उजव्याचा वेगळा. दोन्हीकडे सारखंच असेल असं धरून चालू नका. या पुठ्ठ्याच्या कामाला तास दीड तास गेला तरी जाऊ द्या, बाकी सगळं यावरच उभं राहणार आहे.

सामान फार नाही. ८ फुटी टू बाय फोरचे ३ दांडे, ४ फुटाचा टू बाय सिक्सचा एक तुकडा, कॅरेज बोल्ट ८, स्क्रू, थोडं प्लायवूड, लोकरी नमदा आणि जुना सुती टॉवेल. (टू बाय फोर नावाला, प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरतो, माप काढताना हे विसरलं की सगळं चुकतं.) पहिल्या दोन दांड्यांतून प्रत्येकी ३३ इंचाचे २ पाय आणि २८ इंचाचा १ तळवा निघतो. तिसऱ्या दांड्यातून ३ आडवे जोड, ते तुमच्या केसमधल्या गाद्यांच्या अंतराप्रमाणे, माझ्याकडे २२ इंच आले. टू बाय सिक्सचे दोन समान तुकडे करून त्यावर पुठ्ठ्याचा साचा ठेवून पेन्सिलने आखा आणि जिगसॉने खाच कापा. खाचेखाली निदान २ इंच लाकूड शिल्लक राहिलंच पाहिजे, आणि कापलेल्या कडा पॉलिश पेपरने गोल करा.

मग दोन फ्रेम. तळवा जमिनीवर आडवा, त्यावर दोन पाय उभे, आणि दोन पायांच्या आतलं अंतर म्हणजे गिटारची पुढून मागची रुंदी अधिक दोन्हीकडच्या नमद्याची जाडी. खाचवाली पट्टी पायांच्या रुंद बाजूला अशी लावायची की पायांची डोकी टेकायच्या जागेच्या २ इंच वर राहतील, म्हणजे तीच डोकी गिटारला पुढे-मागे घसरू देत नाहीत, वेगळे अडसर लावायची गरज नाही. इथे नुसते स्क्रू नकोत, प्रत्येक पायाला २ कॅरेज बोल्ट, आणि बोल्टचं गोल डोकं गिटारच्या बाजूला, नट बाहेर. दोन जोड खाली तळव्यांना, तिसरा मागच्या पायांमध्ये अर्ध्या उंचीवर. पुढची बाजू मोकळी ठेवायची, स्टुलावर बसून काम करताना गुडघे आत जायला हवेत. मागच्या जोडाच्या कोपऱ्यांना प्लायवूडचे त्रिकोण मारा, नाहीतर स्टँड लांबीच्या दिशेने डुलतो. चाकं लावायचा मोह होतो, मी लावली आणि काढली.

गादीबद्दल जरा थांबून सांगतो. मायका चढवलेली बॉडी असेल तर फार चिंता नाही, पण लॅकर फिनिशची जुनी गिटार असेल तर रबर, फोम किंवा रेक्झिन थेट लाकडाला लागू देऊ नका. नायट्रो लॅकर रबर-व्हिनाइलला चिकटतं, डाग पडतो आणि तो जात नाही. लोकरी नमदा, त्यावर धुतलेलं सुती कापड, आणि ते खालून स्टेपल करायचं म्हणजे पिन वर येत नाही.

गिटार ठेवायच्या आधी स्टँडवर देशी दुकानातल्या २० पाउंडी तांदळाच्या ३ पिशव्या रात्रभर ठेवा. डी-१० वीस किलोच्या पुढे जाऊ शकते, तेव्हा ही परीक्षा फुकटची समजू नका. सकाळी बोल्ट परत आवळा, हलवून बघा, कुठे करकर आली तर तिथे अजून एक स्क्रू.

गिटार उलटी करताना आधी पेडलपासून बॉडीपर्यंत जाणारे उभे रॉड काढा, मग पेडल बसवलेला बार, मग गिटारचे पाय. एकट्याने उचलू नका, घरात कोणालाही हाक मारा. लांबीच्या अक्षावर फिरवली की चेंजर (तारा ताणणारी-सैल करणारी टोकाची यंत्रणा) उजवीकडेच राहतो पण पुढचं मागे जातं, म्हणजे १ नंबरची तार जी वाजवताना तुमच्यापासून सगळ्यात लांब असते ती आता तुमच्या पोटाकडे येते. यात सुरुवातीला हमखास गोंधळ होतो म्हणून मी मास्किंग टेपवर तारांचे नंबर आणि प्रत्येक शाफ्टवर ए, बी, सी (पेडलची नावं), एलकेएल, एलकेआर (डावा गुडघा डावीकडे किंवा उजवीकडे नेऊन चालणाऱ्या लिव्हर) असं लिहून चिकटवतो. आणि काही सुटं करायच्या आधी फोटो काढायचा. ई-९ या ट्यूनिंगला नुसत्या ए पेडलचेच दोन रॉड, ५ आणि १० नंबरच्या तारांना, बीचे दोन ३ आणि ६ ला, असं करत लिव्हर धरल्या की जंगल होतं, आणि कुठला रॉड बेलक्रँकच्या कितव्या भोकात होता हे नंतर आठवत नाही. त्या भोकावरच तर पेडलचा प्रवास आणि जडपणा ठरतो.

खालच्या जोडांवर एक पांढरी चादर पसरून ठेवा, पडलेली क्लिप लगेच दिसते. मागच्या पायाला एक क्लिपवाला दिवा, आणि एका पायाला चुंबकाची वाटी.

चेंजर साफ करताना बरेच जण लायटर फ्लुइड वापरतात, जुनं चिकट झालेलं तेल त्याने सुटतं, मी पण वापरतो पण गॅरेजचं दार उघडं ठेवून आणि आसपास हीटर बंद करून. उलट्या गिटारमध्ये ते सगळं घाण पाणी वर, म्हणजे आता खाली, तारांकडे आणि फिनिशवर ओघळतं, म्हणून चेंजरखाली आधी जाड टॉवेल कोंबा. नंतर तेल टाकायचं ते सुईच्या टोकावरचा थेंब, जास्त नाही.

एक मात्र स्टँडवर कधी करू नका, शेवटचं ट्यूनिंग. उलटी असताना लिव्हर आणि रॉड उलट्या बाजूला लोळतात, त्यामुळे ढिलाईचा अंदाज चुकतो. शिवाय पेडल दाबलं की बॉडी जराशी वाकते आणि बाकीच्या तारा किंचित उतरतात, याला कॅबिनेट ड्रॉप म्हणतात, आणि हा ड्रॉप गिटार स्वतःच्या पायांवर उभी असून पेडलवर तुमचा खरा पाय असेल तेव्हाच खरा कळतो. म्हणून स्टँडवर फक्त यांत्रिक काम, मग गिटार सरळ करून पाय, बार, रॉड लावा, आधी मोकळ्या तारा लावा, आणि मग एंडप्लेटमधल्या नायलॉन ट्यूनरना ॲलन की लावून एकेक पेडल. बऱ्याच गिटारींना ती ३/१६ इंचाची लागते. ही की मी दोरीने स्टँडलाच बांधून ठेवली होती, पण लागते ती गिटार उतरवल्यावर, म्हणून आता ती हार्डकेसमध्ये असते.