ग्रामपंचायतीचा खर्च मोबाईलवर कसा तपासायचा

पारावर बसून "पैसे खाल्ले, पैसे खाल्ले" म्हणणारे ढीगभर भेटतात, हिशोब उघडून बघणारा एखादाच. आणि हिशोब तर उघडाच आहे, 24 एप्रिल 2020 ला केंद्राने ई-ग्रामस्वराज पोर्टल सुरू केलं, रिपोर्ट बघायला लॉगिन-बिगिन काही लागत नाही.

आधी वर्ष, मग राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडा. वर्ष एप्रिल ते मार्च धरायचं हां, नाहीतर फेब्रुवारीतलं बिल पुढच्या वर्षात शोधत बसाल.

मग मंजूर आराखडा आणि प्रत्यक्ष खर्च असे दोन्ही रिपोर्ट उघडा, स्क्रीनशॉट काढून ठेवा. आराखड्यात काम दिसलं म्हणजे पैसे गेले असं नाही, व्हाउचर, म्हणजे पैसे दिल्याची नोंद, पडलं असेल तरच गेले. 2021-22 ते 2025-26 या वर्षांत पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणारा, 60 टक्के निधी बंधित, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेला, बाकी 40 टक्के अबंधित पण त्यातूनही पगार भागवता येत नाहीत. तेव्हा बंधितमधनं गावाची कमान उभी राहिली असेल तर विचारायचंच.

आता जागेवर जा, टेप घेऊन. आमच्या गावच्या यादीत एकाच गल्लीचं गटार दोनदा दिसलं, एकदा बांधकाम एकदा दुरुस्ती, मला वाटलं सापडला चोर, ग्रुपवर टाकणारच होतो. चुलतभाऊ म्हणाला आधी बघून तरी येऊ, तर दुसरं गटार देवळामागं निघालं, नोंद करताना गल्लीचं नाव तेच टाकलेलं. ब्लॉकचेनवर, म्हणजे मागनं खोडता न येणाऱ्या डिजिटल वहीत, ठेवलं असतं तरी नोंद चुकीचीच राहिली असती, फक्त जास्त पक्की!

लांबी-रुंदीचा संशय असेल तर अंदाजपत्रक आणि एमबी, म्हणजे इंजिनिअरची मोजमाप पुस्तिका, माहिती अधिकारात मागा. जोडपत्र अ हा अर्जाचा नमुना, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, 150 शब्दांच्या आत. "सगळ्या कामांची माहिती द्या" असलं मोघम लिहू नका, व्हाउचर नंबर आणि तारीख टाका. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर अपील.

कागद हातात आले की ग्रामसभेत विचारा, आवाज न चढवता. आणि प्रश्न प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, लिहून घेतल्याशिवाय सही करू नका, पुढच्या सभेत आधी तेच वाचायला लावा.